होळकर संघाचा पहिला रणजी करंडक : मोसम १९४५-४६

रणजी करंडक इंदूरला पहिल्यांदा आला तो १९४६ च्या मार्चमध्ये. पण त्या मोसमाचा विचार करायचा तर आधी एक वर्ष मागे, मुंबईच्या ब्रेबर्न स्टेडियमवर जावे लागते. १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात होळकर संघ मुंबईशी खेळला आणि ३७४ धावांनी हरला. या आकड्याने तो सामना एकतर्फी झाला असे कुणाला वाटेल. प्रत्यक्षात मुंबईने ४६२ आणि ७६४ धावा केल्या, होळकर संघाने ३६० आणि ४९२. चार डावांत मिळून २०७८ धावा झाल्या. विजय मर्चंट यांनी एकट्याने २७८ धावा काढल्या. होळकर संघापुढे विजयासाठी ८६७ धावांचे लक्ष्य होते आणि तरीही आमची माणसे निम्म्याहून पुष्कळ पुढे गेली. मुश्ताक अली यांनी दोन्ही डावांत शतके काढली, १०९ आणि १३९. दुसऱ्या डावात डेनिस कॉम्प्टन २४९ धावांवर नाबाद राहिला.

हा कॉम्प्टन होळकर संघात कसा, असा प्रश्न नव्या वाचकाला पडेल. महायुद्ध चालू होते. इंग्लंडचा हा नामवंत फलंदाज, आर्सेनलकडून फुटबॉल खेळणारा, सैन्यात होता आणि त्याची नेमणूक इंदूरपासून वीस-बावीस किलोमीटरवर असलेल्या महूच्या छावणीत होती. शेजारी असा खेळाडू राहतो आहे म्हटल्यावर कर्नल सी. के. नायडू त्याला सोडतात कशाला!

त्याच सामन्यात सी. एस. नायडू यांनी जे केले त्याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. कर्नलसाहेबांच्या या धाकट्या भावाने दोन डावांत मिळून ९१७ चेंडू टाकले, म्हणजे १५२ षटके आणि वर पाच चेंडू. त्यांना ११ बळी मिळाले आणि त्यांच्या गोलंदाजीवर ४२८ धावा निघाल्या. एका सामन्यात एका गोलंदाजाने इतके चेंडू टाकल्याचे दुसरे उदाहरण प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये नाही. मनगट वळवून लेगस्पिन टाकणाऱ्याने दिवसचे दिवस हे करावे, याला कौशल्याइतकीच सहनशक्ती लागते. हरलेल्या संघाच्या वाट्याला आलेला हा विक्रम आहे, म्हणून तो मुद्दाम इथे नोंदवतो.

मुंबईहून परतलेल्या संघाने त्या सामन्यातून काय घेतले याची लेखी नोंद कुठे नाही. पण पुढच्या मोसमातला खेळ पाहिला की कळते. मोठी धावसंख्या उभारायची, ती पुरेशी वाटली तरी थांबायचे नाही, समोरच्याला सामन्यात परतायला फट ठेवायची नाही. मुंबईने होळकर संघाला ज्या पद्धतीने हरवले, तीच पद्धत कर्नलसाहेबांनी आपल्या संघात आणली असे माझे मत आहे. वर्षभरात ती इतकी पक्की मुरली की म्हैसूरच्या गोलंदाजांना तिची किंमत मोजावी लागली.

त्या आधी संघ कसा जमला ते सांगितले पाहिजे. रणजी स्पर्धा १९३४-३५ मध्ये सुरू झाली तेव्हा या भागाचा संघ ‘सेंट्रल इंडिया’ या नावाने उतरत असे. १९४१-४२ पासून त्याची जागा होळकर संघाने घेतली. नाव संस्थानाचे, आधार महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांचा, आणि मैदान यशवंत क्लबचे. स्पर्धेच्या विभागणीत माळव्याचा हा संघ पूर्व विभागात, बंगाल-बिहारच्या पंगतीत होता. नकाशा पाहिला तर हे विचित्र वाटते, पण वर्षानुवर्षे तसेच चालले.

संघाचा पाया मात्र १९४१ च्या बराच आधी घातला गेला होता. नागपूरचे कोट्टारी कनकय्या नायडू १९२३ मध्ये तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या बोलावण्यावरून इंदूरला आले आणि होळकरांच्या सैन्यात रुजू झाले. डिसेंबर १९२६ मध्ये बॉम्बे जिमखान्यावर एमसीसीच्या गोलंदाजीची धुलाई करून त्यांनी १५३ धावा काढल्या, त्यात अकरा षटकार होते. १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीत ते कर्णधार होते. म्हणजे होळकर संघ उभा राहिला तेव्हा त्याच्या कर्णधाराने आयुष्याची सेहेचाळीस वर्षे ओलांडली होती आणि देशातली सगळी कीर्ती मिळवून झाली होती. त्या वयात दुसरा कोणी सत्कार स्वीकारत बसला असता. कर्नलसाहेबांनी संघ बांधायला घेतला.

त्यांची पारख जुनी होती. इंदूरमध्येच जन्मलेल्या मुश्ताक अलींचे गुण त्यांनी पोरवयात, अवघ्या तेराव्या वर्षी हेरले होते. १९३६ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर ११२ धावा काढून परदेशात कसोटी शतक करणारा पहिला भारतीय ठरला तो हाच मुलगा. पण एका मुश्ताकने संघ होत नाही. सागरचे चंदू सरवटे, कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर, कमल भांडारकर, माधवसिंह जगदाळे, हिरालाल गायकवाड अशी माणसे एकेक करून इथे आली. संस्थानाने त्यांना आसरा दिला. कर्नल, कॅप्टन ही नावामागची बिरुदे मैदानावरची नव्हती, सैन्यातली होती. मुश्ताक अली कॅप्टन होते. क्रिकेटपटूला मानधन नावाची गोष्ट त्या काळी जवळजवळ नव्हतीच. दोन वेळच्या जेवणाची भ्रांत मिटली की माणूस नेटमध्ये तासन्‌तास उभा राहू शकतो, ही साधी गोष्ट इंदूर आणि बडोदा या दोन मराठी संस्थानांना कळली होती. त्या दशकात रणजी करंडकावर मुंबईला जे खरे आव्हान मिळाले त्यात ही दोन गावे पुढे होती, ते उगाच नव्हे.

नोकरी आणि आश्रय देऊन खेळाडू जमवले म्हणून काही जण त्या काळाकडे नाक मुरडून पाहतात. मला तसे वाटत नाही. आज फ्रँचायझीच्या नावाने जे राजरोस चालते त्यापेक्षा त्या व्यवस्थेत माणसाला अधिक स्थैर्य होते. आणि बाहेरून आलेले पुष्कळ जण आयुष्यभर इंदूरचेच राहिले. सी. के., सी. एस., सरवटे, तिघांनीही शेवटचा श्वास याच शहरात घेतला.

१९४५-४६ चा मोसम देशासाठी अस्वस्थ काळ होता. युद्ध नुकतेच संपले होते, स्वातंत्र्य दाराशी होते आणि संस्थानांचे पुढे काय होणार हे कुणालाच ठाऊक नव्हते. मोसमाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियन सर्व्हिसेसचा संघ भारतात खेळून गेला. कलकत्त्याच्या सामन्यातून मुश्ताक अलींना वगळल्यावर तिथल्या प्रेक्षकांनी ‘मुश्ताक नाही तर कसोटी नाही’ असा पुकारा करून निवड समितीला नमवले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. एका इंदूरच्या खेळाडूसाठी बंगाली माणूस रस्त्यावर उतरला! रणजी सामन्यांच्या निमित्ताने होळकर संघ पूर्व विभागात खेळत आला, त्या ओळखीचाही त्यात वाटा असावा.

पूर्व विभाग जिंकून होळकर संघ उपांत्य फेरीत आला. समोर म्हैसूर, मैदान आपले, महिना मार्चचा.

या सामन्याचा धावफलक भारतीय क्रिकेटमध्ये वारंवार उद्धृत होतो, पण तो ओळीने वाचला पाहिजे. भांडारकर १४२, सरवटे १०१, जगदाळे १६४, सी. के. नायडू १०१, निंबाळकर १७२, प्रताप सिंग १००. एका डावात सहा शतके! आठ बाद ९१२ वर कर्नलसाहेबांनी डाव घोषित केला. सहा शतकवीरांच्या मिळून ७८० धावा होतात, म्हणजे बाकीचे सगळे फलंदाज आणि अवांतर धावा यांचा वाटा १३२ चा. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये एका डावात सहा जणांनी शतके काढल्याचा हा विक्रम आजही अबाधित आहे. ९१२ ची बरोबरी व्हायलाच १९८८-८९ उजाडले, तामिळनाडूने गोव्याविरुद्ध सहा बाद ९१२ केल्या तेव्हा. १९९३-९४ मध्ये हैदराबादने आंध्रविरुद्ध सहा बाद ९४४ करून तो आकडा मागे टाकला. तोवर जवळजवळ अर्धे शतक भारतातल्या सर्वोच्च धावसंख्येशेजारी इंदूरचे नाव छापले जात होते.

आता या सहा नावांकडे पुन्हा पाहा. सहांपैकी कसोटी क्रिकेट खेळले ते दोघेच, सी. के. आणि सरवटे. बाकीच्या चौघांना भारताची कसोटी टोपी कधी मिळाली नाही. कसोटीत शतक करून आलेले मुश्ताक अली याच संघात होते, पण त्या डावातल्या सहांत त्यांचे नाव नाही. होळकर संघ म्हणजे सी. के. आणि मुश्ताक, असे जे समीकरण लोकांच्या मनात बसले आहे ते हा एकच डाव मोडून काढतो. नायडू-मुश्ताक यांच्यामुळे मैदान भरत असे यात शंका नाही. सामने मात्र जगदाळे, भांडारकर, निंबाळकर, गायकवाड यांच्या खांद्यावर जिंकले जात. जगदाळ्यांच्या १६४ धावांवर किती लिहिले गेले? जवळजवळ काहीच नाही. या स्मरणिकेत तरी त्यांची ही खेळी मुख्य मजकुरात आली पाहिजे, असा माझा आग्रह होता.

म्हैसूरचा पहिला डाव १९० धावांत आटोपला. त्यातले नऊ बळी एकट्या सरवट्यांनी घेतले, ६१ धावांत. शतक आणि एका डावात नऊ बळी, एकाच सामन्यात, तेही रणजीच्या उपांत्य फेरीत! पुढे-मागे कुणी होळकर संघाच्या सर्वोत्तम वैयक्तिक कामगिरीबद्दल विचारले तर मी कर्नलसाहेबांच्या कुठल्याही खेळीआधी हा सामना सांगेन. सरवटे देहाने किरकोळ, स्वभावाने अबोल, कायदा शिकलेले आणि व्यवसायाने बोटांच्या ठशांचे तज्ज्ञ. त्यांची फिरकी मोठी वळत नसे, पण फलंदाजाला धीर धरू देत नसे, असे त्यांना पाहिलेले लोक सांगत.

म्हैसूरच्या बाजूचेही थोडे सांगणे न्यायाचे होईल. कर्णधार बी. के. गरुडाचार यांनी त्या डावात ६९ षटके टाकली, चार बळी घेतले आणि ३०१ धावा दिल्या. इतका मार खाल्लेला माणूस पुन्हा बॅट घेऊन उभा राहिला आणि त्याने शतक काढले. म्हैसूरने दुसऱ्या डावात पाचशेचा टप्पा ओलांडला. नऊशेच्या ओझ्याखाली दबलेल्या संघाने असे लढावे हे त्यांच्या कर्णधाराचे श्रेय आहे. पण याच पाचशे धावा कर्नलसाहेबांच्या बाजूने साक्ष देतात. पाचशे-सहाशेवर डाव सोडला असता तर काय झाले असते, याचे उत्तर म्हैसूरने स्वतःच दिले. ९१२ धावा म्हणजे प्रतिस्पर्ध्याची क्रूर थट्टा, अशी टीका अधूनमधून ऐकू येते. ज्याने आदल्या वर्षी ८६७ च्या लक्ष्यामागे आपला संघ ४९२ पर्यंत धावताना पाहिला, त्याला कुठलीच आघाडी सुरक्षित वाटली नसेल.

अंतिम सामना बडोद्याशी, पुन्हा यशवंत क्लबवर. बडोद्याचा संघ त्या काळी कुणालाही जड जाणारा होता. विजय हजारे, हेमू अधिकारी, गुल महंमद ही त्यांची फलंदाजी. दोन्हीकडे मराठी नावे, दोन्हीकडे संस्थानी पाठबळ, आणि एकमेकांना घरच्या माणसांसारखे ओळखणारे खेळाडू. इंदुरात राहणाऱ्या बडोदेकर मराठी कुटुंबांची त्या दिवसांत मोठीच पंचाईत झाली असणार.

उपांत्य फेरीत सहा जणांनी मिळून केलेले काम अंतिम सामन्यात एकाने केले. सी. के. नायडूंनी २०० धावा काढल्या. ३१ ऑक्टोबर १८९५ हा त्यांचा जन्मदिवस, म्हणजे वयाची पन्नाशी पूर्ण झालेली होती. पन्नाशीतल्या माणसाने रणजीच्या अंतिम सामन्यात द्विशतक काढणे ही गोष्ट आज सांगितली तर नव्या मुलांना खरी वाटत नाही. त्यामागे काय होते ते ज्यांनी त्यांच्या हाताखाली काम केले ते जाणत. शिस्त सैन्यातली, आणि ती आधी स्वतःला लावलेली. पुढे १९५१-५२ च्या अंतिम सामन्यात दत्तू फडकरांचा चेंडू तोंडावर बसून त्यांचे दात पडले, तेव्हा ते बाजूला सारून छप्पन्न वर्षांचा हा गृहस्थ पुन्हा खेळायला उभा राहिला, अशी आठवण जुने लोक सांगत आले आहेत. असा कर्णधार असलेल्या संघात बोट दुखावले म्हणून तंबूत परतायची हिंमत कोण करील?

होळकर संघ तो सामना ५६ धावांनी जिंकला. ९१२ च्या झगमगाटात हा ५६ चा आकडा हरवून जातो, म्हणून इथे थांबून त्याकडे पाहावेसे वाटते. कर्णधाराने २०० केल्यावरही बडोदा ५६ पर्यंत येऊन ठेपले होते. दोन-तीन तासांची एखादी भागी जमली असती तर करंडक बडोद्याला गेला असता. मोठी धावसंख्या उभारायला होळकर संघ मुंबईकडून शिकला होता. थोड्या फरकाची बाजी शेवटपर्यंत राखणे तो या सामन्यात शिकला. माझ्या दृष्टीने संघ म्हणून तो इथे पुरा झाला.

या विजयानंतर लगेचच मुश्ताक अली, सी. एस. नायडू आणि सरवटे भारतीय संघातून इंग्लंडला गेले. मे महिन्यात ओव्हलवर सरे संघाविरुद्ध सरवटे आणि शुटे बॅनर्जी या शेवटच्या जोडीने २४९ धावांची भागी केली. सरवटे नाबाद १२४, बॅनर्जी १२१. दहाव्या आणि अकराव्या क्रमांकावरच्या दोघांनी एकाच डावात शतके काढण्याचा तसा प्रकार तोवर कधी घडला नव्हता. मार्चमध्ये इंदूरकरांनी पाहिलेले ते मेमध्ये लंडनकरांनी पाहिले.

बडोद्याने हिशेब चुकता करायला वर्षच घेतले. मार्च १९४७ मध्ये त्यांच्या मैदानावर गुल महंमद ३१९ आणि विजय हजारे २८८ अशी ५७७ धावांची चौथ्या गड्यासाठीची भागी झाली. बडोद्याने ७८४ केल्या आणि होळकर संघ २०२ आणि १७३ मध्ये आटोपला. एक डाव आणि ४०९ धावांनी हार. ती भागी २००६ पर्यंत कुठल्याही गड्यासाठीचा जागतिक विक्रम होती. म्हणजे भागीच्या विक्रमातही होळकर संघाचे नाव आहे, चुकीच्या बाजूला का होईना.

पुढचा प्रवास थोडक्यात. १९४७-४८ मध्ये इंदूरला मुंबईला हरवून दुसरा करंडक, १९५०-५१ मध्ये गुजरातला हरवून तिसरा, १९५२-५३ मध्ये कलकत्त्यात बंगालला मागे टाकून चौथा. कर्नलसाहेबांच्या नऊ मोसमांत संघ आठ वेळा अंतिम फेरीत गेला. मधल्या काळात, २८ मे १९४८ रोजी, मध्य भारत अस्तित्वात आले आणि होळकर संस्थान संपले. संघाचे नाव मात्र आणखी काही वर्षे टिकले. १९५३-५४ मध्ये मुंबईकडून आणि १९५४-५५ मध्ये मद्रासकडून अंतिम सामन्यात हार झाली. दोन्ही सामने इंदूरलाच झाले. मद्रासविरुद्ध फरक ४६ धावांचा होता. त्यानंतर होळकर हे नाव रणजीच्या यादीतून गेले आणि मध्य भारताचा संघ आला. ज्या आश्रयावर संघ उभा होता तो आश्रय सरल्यावर खेळाडू पोटापाण्यासाठी पांगले. यात कुणाचा दोष काढता येत नाही. पण नव्या राज्याने त्या माणसांना एकत्र ठेवण्याची काही सोय केली असती तर या मातीतल्या संघाला रणजी करंडकासाठी जून २०२२ पर्यंत थांबावे लागले नसते, असे मला प्रामाणिकपणे वाटते. त्या वर्षी बंगळुरूला मध्य प्रदेशने मुंबईला हरवून करंडक जिंकला तेव्हा प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित.

त्या सहा शतकवीरांचे पुढे काय झाले? कर्नलसाहेब १९५६-५७ मध्ये, साठी उलटल्यावर, उत्तर प्रदेशकडून रणजी सामने खेळले. १९५६ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी ते इंदूरला वारले. भाऊसाहेब निंबाळकरांनी डिसेंबर १९४८ मध्ये महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध पुण्यात नाबाद ४४३ धावा काढल्या. ब्रॅडमन यांच्या नाबाद ४५२ चा विक्रम मोडायला दहा धावा हव्या असताना प्रतिस्पर्ध्यांनी सामनाच सोडून दिला. रणजीतली ती आजही सर्वोच्च खेळी आहे. कमल भांडारकर प्रशिक्षक झाले आणि सुनील गावसकरांना घडवणाऱ्यांत त्यांचे नाव आदराने घेतले जाते. माधवसिंह जगदाळ्यांचे चिरंजीव संजय जगदाळे मध्य प्रदेशकडून खेळले, राष्ट्रीय निवड समितीवर होते आणि पुढे भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे सचिव झाले. आणि चंदू सरवटे राष्ट्रीय निवड समितीवर गेले. १९८३ च्या विश्वचषकासाठी कपिल देवचा संघ ज्या पाच जणांनी निवडला, त्यांतले ते एक.